सुटे डोळे

सरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात कॅमेरा दिला तेव्हा त्यात बॅटरी नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. म्हणून मी सभ्यपणे विचारलं, "सर, बॅटरी?" सरांनी जाकिटाच्या खिशावर थाप मारली. "ही हितं आहे. एक महिना हितंच राहणार. आधी नजर चार्ज कर, मग बॅटरी."

त्या महिन्यात आम्ही सहा विद्यार्थ्यांनी हुबळीचं सगळं विद्यानगर हिंडून न निघणारे फोटो काढले. कॉलेजच्या गेटचे काढले, उसाच्या रसाच्या गाड्याचे काढले, झाडाखाली झोपलेल्या कुत्र्याचे तर प्रत्येकानं काढले. संध्याकाळी सर हजेरी घ्यायचे. "किती काढले?" "चाळीस, सर." "त्यातले चांगले किती?" "दोन." "कुठले दोन, सांग बघू." मग आम्ही तिथल्या तिथं दोन फोटो रचून सांगायचो. आमच्यातला एक जण इतके सुंदर फोटो सांगायचा, की सरांनी त्याला वर्गात पहिला ठरवून टाकलं. पुढं बॅटरी आली आणि त्याचा एकही फोटो धड आला नाही. पण पहिला नंबर त्याचाच राहिला, कारण सर दिलेली गोष्ट परत घेत नसत.

क्लास हुबळीत, विद्यानगरात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर होता. बाहेर पाटी होती: डिजिटल फोटोग्राफी आणि फोटो एडिटिंग, सहा महिने, सर्टिफिकेटसह. आतल्या अर्ध्या भागात सरांचा स्टुडिओ, उरलेल्या अर्ध्यात चार कॉम्प्युटर आणि पडद्यामागं सरांचं आणि काकूंचं घर. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रोज धारवाडहून बसनं यायची. आमचे वडील कोर्टात नोकरीला. त्यांचं म्हणणं, फोटो काढायला शिकायचं काय असतंय, फोनमध्ये असतंय की सगळं. मी उशिरा पोचले की सर ठरलेलं वाक्य टाकायचे, "धारवाडची माणसं अर्ध्या वाटेवरच्या रायापूरपर्यंत विचार करत येतात. पुढं हुबळी लागते, मग काम करावं लागतंय. हौदिल्लो? खरं का नाही?" हे ऐकवताना ते स्वतः काही काम करत असल्याचं मला आठवत नाही.

सरांच्या अंगात बारा खिशांचं एक खाकी जाकीट असे. उन्हाळ्यातही ते निघत नसे. त्या खिशांत कंगवा, पावडरचा डबा, सेफ्टी पिना आणि टिकल्यांचं पाकीट असायचं. एका खिशात तीन आयते टाय, गाठ मारलेले. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की सर आधी त्याला विंचरायचे, मग पावडर लावायचे, मग हनुवटी धरून मान वळवायचे. माणूस कोण आहे याचा विचार नसायचा. एकदा सवयीनं एका बँक मॅनेजरच्या टकलावर कंगवा टेकवला होता. मॅनेजर गप्प बसून राहिले. सरांसमोर बसलं की बहुतेक माणसं गप्पच बसत.

एडिटिंगचा तास सुरू झाला तेव्हा मला दुसरा शोध लागला. चारही कीबोर्डांवर झेड हे बटण नव्हतं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटून काढलेलं होतं आणि त्या जागी एक चौकोनी भोक होतं. केलेलं काम एक पाऊल मागं घ्यायचं असेल तर सगळं जग कंट्रोल आणि झेड दाबतं. सरांना ते मान्य नव्हतं. "चूक केलीस तर निस्तर. लग्नात असतंय का कंट्रोल-झेड?"

पडद्यामागून काकूंचा आवाज आला, "असतं तर कधीच दाबलं असतं की."

सर काकूंना उत्तर देत नसत. ते फक्त पडद्याकडं पाठ करायचे आणि पुढचा मुद्दा घ्यायचे. मेनूतून मागं जायची सोय होतीच, ती आम्ही त्याच वेळी वापरून घ्यायचो.

त्यांचा पुढचा मुद्दा याहून भारी होता. फोटो दुरुस्त झाला की तो मूळ फोटोवरच सेव्ह करायचा. दोन प्रती ठेवायच्या नाहीत. "मूळ कोण ठेवतं? ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही तो." आम्ही मान डोलवायचो. बाहेर पडल्यावर हसायचोही. पण सहा महिन्यांत एकाही जणानं त्यांना 'सर, हे चुकीचं आहे' असं सांगितलं नाही, आणि त्यात मी होतेच.

आता त्यांच्या खऱ्या दौलतीविषयी सांगते. त्यांच्या कॉम्प्युटरवर 'सुटे भाग' नावाचा फोल्डर होता. पंधरा वर्षं लग्नं, मुंजी, निरोपसमारंभ यांचे फोटो काढताना जे जे चांगलं दिसलं ते ते कापून त्यांनी त्यात ठेवलं होतं. दात, केस, मिशा, कोट, मंगळसूत्रं. डोळ्यांचा तर वेगळा कप्पा होता आणि प्रत्येक जोडीला नाव होतं. 'डोळे, पुरुष, शांत.' 'डोळे, नवरी, जागी.' 'डोळे, सासू, प्रसन्न.' ही शेवटची जोडी सगळ्यांत जास्त वापरली जायची, कारण प्रसन्न सासूचे डोळे मूळ फोटोत मिळणं कठीण. फोटोत कुणाची पापणी मिटली, नजर वाकडी गेली, की सर 'सुटे भाग' उघडायचे. कलघटगीच्या एका शाळेच्या ग्रुपफोटोत हेडमास्तर, दोन शिक्षक आणि शिपाई अशा चौघांना त्यांनी एकच डोळे बसवलेले मी स्वतः पाहिलेत. मी दाखवलं तर म्हणाले, "तंगी, कुणाच्या लक्षात आलं का?"

"नाही आलं."

"येणार पण नाही. ग्रुपफोटोत माणूस फक्त स्वतःला बघतो. नोड्री, बघ, हे फुकट शिकवतोय मी."

सगळ्या मुलींना ते तंगी म्हणत, धाकटी बहीण. आणि हे वाक्य मला त्या सहा महिन्यांत शिकवलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा खरं वाटलं होतं, ते मी कबूल करते.

ते सगळ्यांना गोरं करायचे. न विचारता. शेतातली माणसं, हमाल, गवंडी, कुणीही स्टुलावर बसो, स्क्रीनवर येईपर्यंत तो कुठल्यातरी थंड गावचा होऊन जायचा. आणि मेलेल्या माणसांना ते कोट घालायचे. दिवसकार्याच्या वेळी हार घालून ठेवायला मोठा फोटो लागतो. माणूस जिवंत असताना कुणी त्याचा नीट फोटो काढलेला नसतो, मग घरचे लोक धावत येतात, हातात आधार कार्ड नाहीतर लग्नातला एखादा ग्रुपफोटो घेऊन. सर त्यातलं डोकं उचलायचे आणि कोटावर बसवायचे. एका मुलानं धीर करून सांगितलं, "आमच्या अप्पानं जन्मात कोट घातला नव्हता." सर म्हणाले, "मग आता घालू दे की."

असल्याच एका कामासाठी अळणावरकडच्या एका खेड्यातली बाई आली. चाळिशीची असेल, उन्हानं रापलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आल्बम. नवरा गेल्यावर ती माहेरी, भावाच्या घरी परत आली होती आणि तिथंच आईबरोबर शेतात राबत होती. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हटलं. आई जाऊन आठ दिवस झाले होते. चार दिवसांत कार्य होतं. आल्बम तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा, आठ वर्षांपूर्वीचा, आणि तो सरांनीच केलेला. त्यातल्या एका मोठ्या ग्रुपमध्ये कडेला आई, तिची अव्वा, उभी होती.

"एवढीच अव्वा हाय बघा," अक्का म्हणाली. "आधार कार्डावर हाय, पर त्यात काळंकुट्ट आलंय."

सर खुशीत आले. स्वतःचं काम परत आलं की त्यांना बरं वाटायचं. त्यांनी जुन्या डिस्कमधून तो ग्रुपफोटो शोधून काढला आणि मला म्हणाले, "ही तुझी परीक्षा. बाईंना मोठं कर, मागचं सगळं काढ, आणि दे." मी आईचा चेहरा कापून स्क्रीनभर मोठा केला. अक्का माझ्या मागं उभी होती. ती एकदा हातातला आल्बम बघत होती, एकदा स्क्रीन.

मग म्हणाली, "हे डोळे अव्वाचे न्हवंत."

सर हसले. "बाई, मोठं केलं की तसं वाटतंय."

"न्हाई वो. अव्वाच्या डाव्या डोळ्यात फूल हुतं. ल्हानपणी जोंधळा काढताना धाट लागलेलं. सगळ्या गावाला म्हाईत हाय. ह्या बाईचे दोन्ही डोळे चकचकीत हाईत."

मी सरांकडं बघितलं नाही, कारण मला ते डोळे ओळखू आले होते. 'डोळे, सासू, प्रसन्न.' आठ वर्षांपूर्वी आल्बम करताना सरांना कडेच्या बाईच्या डोळ्यात पांढरं फूल दिसलं असणार आणि त्यांनी ते दुरुस्त करून टाकलं असणार. नुसतं फूल नव्हे, दोन्ही डोळे. आणि मग त्यांच्या नियमाप्रमाणे मूळ फोटोवरच सेव्ह.

"सुधारून दिलं होतं," सर म्हणाले. "लोक हौसेनं करून घेतात."

"तुमास्नी कुणी सांगितलंतं?"

सरांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी जाकिटाचा एक खिसा उघडला, बंद केला.

अक्का तशीच स्क्रीनकडं बघत बोलत राहिली. "अव्वा आल्बम बघून इचारायची, ही कोण बाई हुबारलीय गं? आमी हसायचो. म्हातारीला दिसंना झालंय म्हणायचो." मग ती म्हणाली, "तिला दिसत हुतं. आमालाच दिसत न्हवतं."

ते ऐकून मला लाज वाटली. सरांची नव्हे, माझीच. चार महिने मी त्या फोल्डरवर हसत होते आणि त्यातलेच डोळे लोकांना बसवत होते. दोन म्हाताऱ्यांना तर मी स्वतः तीच सासूची जोडी लावली होती आणि शाबासकी घेतली होती.

"मूळचा असंल की," अक्का म्हणाली. "तेवढा द्या."

सरांनी दोन जुन्या डिस्क काढल्या, लावल्या, काढल्या. सगळीकडं तीच चकचकीत बाई. मग ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि एक गोष्ट केली, जी मी कधी विसरणार नाही. त्यांचं एक बोट कंट्रोलवर गेलं आणि दुसरं झेडच्या जागी. त्या रिकाम्या भोकात बोट घालून त्यांनी दोनदा दाबलं. आठ वर्षांपूर्वी बंद केलेला फोटो असा मागं जात नाही, हे क्लासच्या पहिल्या आठवड्यातलं पोरही सांगेल. सरांनाही माहीत होतं. तरी बोट गेलं.

मग ते उठले. "तू कर," मला म्हणाले. "मी डोळे सुधारतो, बिघडवत नाही." आणि पडद्यामागं निघून गेले.

मी अक्काला स्टूल ओढून दिलं. आधार कार्डावरचा फोटो काळाकुट्ट होता, डावी बाजू तर सावलीत बुडालेली, पण उजव्या डोळ्याचा आकार त्यातून मिळाला. तो मी बसवला. डाव्यासाठी काहीच नव्हतं, फक्त अक्काची आठवण होती. मी ब्रशनं काढत गेले, ती सांगत गेली. "खाली घ्या. आजून. बुबळाच्या मदी न्हवं, नाकाच्या बाजूला. जोंधळ्याच्या दाण्याच्या निम्मं. वर गोल, खाली जरा सांडल्यागत." चुकलं की मी मेनूतून मागं जायची, उघडपणे. गालाचा गोरा रंगही मी तिच्या सांगण्यावरून उतरवला. दीड तास गेला. काकूंनी दोनदा चहा आणून ठेवला आणि स्क्रीन बघून गेल्या.

फूल जागेवर आलं तरी ते चिकटवल्यासारखं दिसत होतं. मला कळेना काय चुकतंय. तेवढ्यात पडद्याआडून सरांचा आवाज आला, "कड मऊ कर. काचेवर वाफ धरते तशी." म्हणजे हा माणूस दीड तास फटीतून बघत उभा होता. मी कड मऊ केली.

अक्का पुढं वाकली. "हां," ती म्हणाली. "आता बघायलीय माज्याकडं." आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला, मोठ्या माणसासमोर ओढतात तसा.

फोटो छापला, फ्रेम झाली, ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी 'सुटे भाग' उघडला तर त्यात एक नवीन नाव होतं: 'डोळा, बाई, फुलाचा, एक.' मी सरांना विचारलं, "हा कुणाला लावणार तुम्ही?" ते म्हणाले, "कुणाला सांगता येतंय?" अशा माणसाचं काय करायचं असतं, ते मला आजही माहीत नाही.

क्लास संपल्यावर सर्टिफिकेट मिळालं. श्रेणी ब. शेरा: 'हात चांगला. डोळा बिघडवला.' त्यावर माझा फोटो होता. माझ्या पुढच्या दातावर एक दात चढलेला आहे, लहानपणापासून. फोटोत दातांची ओळ मोत्यांसारखी सरळ होती आणि अर्थातच मी गोरी होते. घरी आईनं सर्टिफिकेट हातात घेतलं आणि विचारलं, "ही कोण?"

पुढं मी लहानसहान कामं घ्यायला लागले. बारसं, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन. वर्षभरानं अक्काचा फोन आला. भावाच्या मुलीला स्थळं बघायला सुरुवात झाली होती, तिचे फोटो हवे होते. मी अळणावरहून पुढं गेले. पोरगी चुणचुणीत होती, अंगणात उभी राहून माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, जरा गोरी करा हं." मी कॅमेरा डोळ्याला लावला.

फोटो काढून झाल्यावर सोप्यात पाणी प्यायला बसले तर समोर भिंतीवर आईचा फोटो. हार घातलेला, फ्रेम तीच. डोळे मात्र दोन्ही चकचकीत. मी नावासकट ओळखले.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

अक्काच्या भावाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "आवो, पोरीला बघाय मान्सं येत्यात. आज्जीच्या डोळ्यात फूल दिसलं की म्हणत्यात, घराण्यातच हाय. म्हणून फ्रेम घिऊन गेलतो तुमच्या सरांकडं. अर्ध्या तासात करून दिलं बघा त्यांनी."

अर्ध्या तासात. मला इतका संताप आला की पाणी न पिताच मी पेला खाली ठेवला. माझा दीड तास गेला त्याचं काही नव्हतं. पण त्या बाईला एकदा पुसून सरांची हौस फिटली नव्हती, म्हणून आता दुसऱ्यांदा पुसलं होतं. आणि मला नियम पाठ होता. मूळ ठेवायचं नाही. म्हणजे फुलासकट अव्वाचा चेहराही गेला, कायमचा; उरला असेल तर 'सुटे भाग'मधला तो एक डोळा. आल्बममध्ये ज्या बाईला आई स्वतः ओळखत नव्हती, तिला आता रोज हार घालायचा होता, आणि भिंत भावाची असल्यामुळं अक्काला बोलायचीही सोय नव्हती. मी मनात सरांना जे जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाऊ गोठ्याकडं गेला. अक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग स्टुलावर चढून फ्रेम खाली काढली. हार बाजूला ठेवला. पदरानं काच पुसली, सावकाश, रोजच्या सवयीनं. मग फ्रेम उलटी केली.

मागं पुठ्ठा नव्हता. मागंही काच होती. आणि काचेआड अव्वा होती, डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला फूल असलेली. वर गोल, खाली जरा सांडल्यागत.

"मी बी संगं गेलते. भाऊ खाली च्या प्याला गेलता," अक्का म्हणाली. "तुमच्या सरांनी फ्रेम माज्या हातात दिली आनि म्हणालं, पुसताना मागची बाजू बी पुसत जावा. बाकी काय बोललं न्हाईत."

म्हणजे त्या माणसानं मूळ ठेवलं होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी फ्रेम हातात घेऊन उजेडात धरली आणि माझं काम बारकाईनं तपासलं. फुलाला त्यांनी हात लावलेला नव्हता. कड होती तशीच मऊ होती. पापणीची सुरकुतीही शाबूत होती. मग मला गालाचा रंग दिसला आणि तशा अवस्थेतही मला हसू आलं.

"अव्वा एवडी गोरी न्हवती," अक्का म्हणाली.

"नव्हती," मी म्हटलं. "तेवढं चालवून घ्या. ते त्यांना सुटायचं नाही."

अक्कानं मागची काचही पुसली. गोठ्याकडून भावाच्या खाकरण्याचा आवाज आला तशी ती स्टुलावर चढली, फ्रेम सुलट केली, खिळ्याला अडकवली आणि प्रसन्न सासूला हार घातला. अव्वाचं तोंड भिंतीकडं होतं.